दोघींच्या मधून गेलेला बॉल

टीम हरली की चूक कोणाची, यावर त्या हिवाळ्यात आमच्या अंगणात जितकं बोलणं झालं तितकं निवडणुकीतही झालं नसेल. बोलणारे सगळे. खेळणाऱ्या मात्र दोघीच, आणि त्या दोघी गप्प.

एक माझी मुलगी. ती गोलकीपर. दुसरी माझ्या मोठ्या जावेची सून. ती गोलच्या समोर उभी राहून येणाऱ्या पोरींना अडवते. दोघी तालुक्याच्या एकाच कॉलेजात, मुलींच्या फुटबॉल टीममध्ये. आमचं गाव एकोडीच्या बाजूला, धानाच्या बांध्यांमधलं. इथल्या पोरींनी फुटबॉल खेळावा असं कोणी ठरवलं नव्हतं. ते होत गेलं.

आमचं अंगण एक आहे आणि चुली दोन. पलीकडची चूल जावेची. ती वयानं मोठी, मानानं मोठी, आणि आवाजानं तर अख्ख्या गावात मोठी. मनात आलं की ते तोंडात आलंच. पण मनानं वाईट नाही. माझ्या बाळंतपणात तिनंच मला गरम भात करून घातला. मी तिला ‘बाई’ म्हणते. तिच्यासमोर मी फारसं बोलत नाही, आणि खरं म्हणजे कोणासमोरच बोलत नाही. मनातलं लिहून ठेवलं की बरं वाटतं.

तिची सून लग्नाआधीपासून फुटबॉल खेळायची. सोयरीक जुळताना तिच्या बापानं एकच गोष्ट मागितली होती, पोरीचं बी.ए. पूर्ण होऊ द्या. तेव्हा जाऊ म्हणाली, "होऊ द्या ना बाप्पा, आमी काय शाळेचे दुश्मन हावो? पण एकटी नाई जाणार. संग नणंद पाह्यजे."

नणंद म्हणजे माझी मुलगी. ती तेव्हा नुकतीच बारावी झाली होती. तिचंही नाव त्याच कॉलेजात घातलं. दोघी सोबत जायच्या, सोबत यायच्या. वहिनी मैदानात पळायची आणि ही मैदानाच्या काठावर दोघींच्या पिशव्या सांभाळत बसायची. एकदा बॉल उडत तिच्या अंगावर आला, तो तिनं उभी राहून झेलला आणि परत फेकला. ती उंच आहे, बापावर गेली आहे. आधीची गोलकीपर लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेली होती. सरांनी विचारलं, "उभी राहतेस का गोलमध्ये?" माझी मुलगी माझ्यासारखीच. तिला नाही म्हणायचीही लाज वाटते. राहिली उभी.

तेव्हापासून गाडी अशी चालत होती. नणंद जाते म्हणून सून जाते, आणि सून खेळते म्हणून नणंद खेळते. एकीचा पाय घरात अडला तर दुसरीचाही अडणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

दिवाळीनंतर सामने सुरू झाले आणि टीम हरू लागली. थोडीथोडकी नाही, चांगली आपटून हरू लागली.

मग चुकीची शोधाशोध सुरू झाली. पानठेल्यावर बसणारी माणसं म्हणायची, सरांनाच काही येत नाही. माझा नवरा म्हणायचा, कॉलेजचं मैदानच उताराचं आहे, तिथे खेळून पोरींना सपाट मैदानावर खेळता येत नाही. माझे भासरे, म्हणजे जावेचा नवरा, खाटेवर बसून दोर वळता वळता म्हणायचे, "लाखोळीची भाजी अन् भात खाऊन पोट्ट्या पळतीन काय? झोपतीन."

जावेचं मत सगळ्यात सोपं होतं. "बॉल शेवटी कोणाजवळून गेला? गोलकीपरजवळून. मंग चूक कोणाची? हे कोणीबी सांगीन."

ती हे भांडायला म्हणत नव्हती. चुलीवर वरण उकळतंय, असं सांगावं तसं म्हणायची. पण गोलकीपर माझी होती. मी तांदूळ निवडत मान खाली घालून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, बाई, बॉल माझ्या पोरीजवळ येतो तो आधी कोणाला तरी ओलांडून येतो. तिच्यासमोर कोण उभी असते? तुमचीच सून. हे मी मनात कितीदा तरी बोलले. खडे निवडायचे राहून जायचे आणि रात्री जेवताना नवऱ्याच्या दाताखाली यायचे.

मग तो व्हिडिओ आला.

कोणीतरी सामन्यात मोबाईलवर काढला होता. गावातल्या सगळ्या मोबाईलवर तो फिरला. त्यात दिसत होतं की बॉल हळूहळू, अगदी म्हातारी बाई चालते तसा, गोलकडे येतो आहे. डाव्या हाताला सून उभी आहे, उजव्या हाताला माझी मुलगी. दोघींना बॉल दिसतो आहे. सून थांबते. मुलगी एक पाऊल पुढे येते आणि मागे सरते. सून हात पुढे करते, पाहुण्याला पाट दाखवावा तसा. आणि बॉल दोघींच्या मधून निघून जातो. मागून समोरच्या टीमची एक पोरगी पळत येते आणि त्याला गोलमध्ये ढकलते. त्या व्हिडिओवर कोणीतरी हसण्याचा आवाज जोडला होता.

जाऊ पिठाच्या गिरणीवर गेली होती. तिथे तिला तो दाखवला गेला. ती घरी आली तेव्हा पिठाचा डबा तिनं असा आदळला की झाकण अंगणभर फिरलं.

"गिरणीवर मानसं हासून राह्यले! आपल्या घरच्या दोन बाया उभ्या, अन् बॉल मधातून गेला, जशी बकरी जाते!" मग माझ्या दाराकडे तोंड करून म्हणाली, "एकीलेबी वाटलं नाई वाका म्हणून?"

माझी मुलगी आत होती. तिनं सगळं ऐकलं. संध्याकाळी भाकर खाताना ती म्हणाली, "आई, मी नाई जात उद्यापासून. मले नाई जमत."

"अन् वयनीचं काय?"

"त्याईच्या टीमले दुसरी गोलकीपर भेटन."

"तिच्या संग कोण जाईन पण?"

बाहेर नळावर सून भांडी घासत होती. आमचं बोलणं तिच्यापर्यंत जात होतं. ती कितीतरी वेळ भाताचा एकच गंज घासत बसली.

दुसऱ्या दिवशी जावेला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरंच झालं. परीक्षेपुरतं गेलं तरी बी.ए. होते. बाकीचे दिवस घरी राहीन, मलेबी हात होईन." ती सुनेवर रागावून बोलली नव्हती. तिला खरंच तसं वाटलं होतं. पण सुनेचं तोंड मी पाहिलं. तिनं मान हलवली, "हो आई" म्हणाली, आणि लाखोळी खुडायला बांधीत निघून गेली. परत आली तेव्हा टोपलीत भाजी फार थोडी होती.

काही दिवसांनी सर मोटारसायकलवर आमच्या गावात आले. तरुण आहेत, नागपूरकडचे. त्यांना खाटेवर बसवलं, चहा दिला. मी दाराच्या आत उभी राहिले. जाऊ समोर बसली.

"काकू," सर म्हणाले, "दोघी येत नाहीत. जवाहरनगरला शेवटचा सामना आहे. गोलकीपर नसली तर मला टीम नेताच येणार नाही."

"हारून हारून कंटाळल्या त्या," जाऊ म्हणाली. "तुमी मास्तर हाव, तुमीच सांगा आता. चूक कोणाची?"

"माझी. टीम हरली की शिकवणाऱ्याची चूक."

"हे तर तुमी चांगुलपणानं बोलून राह्यले. खरं सांगा."

सर चहाचा कप हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "रागावू नका. तुमच्या दोन घरांत काही भांडण आहे का?"

"कोण म्हणते?"

"कोणी म्हणत नाही. पण गोलकीपरनं मागून ओरडून सांगायचं असतं. तिला सगळं मैदान दिसतं, पुढच्यांना दिसत नाही. ही बाकीच्या पोरींना थोडंफार तरी सांगते. वहिनीला एक शब्द सांगत नाही. वहिनीही हिला काही बोलत नाही. मला वाटलं, घरचं काही असेल."

जाऊ उठून उभीच राहिली. "सर, आमच्या घरात जावाजावांचं कधी भांडण झालं नाई. विचारा हिले!" तिनं माझ्याकडे बोट केलं. मी पदर ओढून आणखी आत सरकले.

तेवढ्यात माझ्या मागून मुलीचा आवाज आला. "सर, वयनीले कशी ओरडू? मोठ्या हायेत त्या."

आणि पलीकडच्या दारातून सून म्हणाली, "अन् ताई माह्या नणंद हायेत. त्या दिवशी मी म्हणली त्याईले, तुमी घ्या म्हणून."

"मी म्हणली, नाई वयनी, तुमी घ्या."

सर दोघींकडे आळीपाळीनं पाहत राहिले. "म्हणजे तो व्हिडिओ... बॉल येत होता तेव्हा तुम्ही हे बोलत होतात?"

"हो."

सरांना ठसका लागला. चहा पँटवर सांडला. भासरे दोर बाजूला ठेवून इतके हसले की खाट करकरली.

पण यात हसण्यासारखं काय आहे ते मला आधी कळलंच नाही. आमच्यात वहिनी आईच्या जागी असते. तिला अरेतुरे करत नाहीत, तिच्या नावानं हाक मारत नाहीत, आणि तिच्यावर ओरडणं तर दूरच. नणंद वयानं लहान असली तरी सून तिला ताई आणि तुमी म्हणते. मी स्वतः माझ्या नणंदेला, जी माझ्यासमोर परकरात फिरायची, आजही ताई म्हणते. घरात हे छान चालतं. पण "वयनी, तुमी जरा डाव्या बाजूनं या ना" एवढं बोलून होईपर्यंत बॉल जाळीत जाऊन परतही येतो.

जावेनं मात्र ते वेगळ्याच बाजूनं घेतलं. "म्हंजे चूक आमी लावलेल्या वळणाची, असं म्हणता काय?"

"नाही, नाही," सर म्हणाले. "वळण चांगलंच आहे. फक्त ते मैदानाच्या बाहेर ठेवता आलं तर..."

त्यांनी उपाय सांगितला. प्रत्येकीच्या पाठीवर नंबर असतो, सुनेचा चार होता. नावही नको, नातंही नको. नुसतं ‘चार, डावीकडे’ म्हणायचं. सामना होईपर्यंत घरच्या अंगणात सवय करा, म्हणाले. भासऱ्यांनी मान डोलावली. जावेनं "बरं, पाहू" म्हटलं. म्हणजे दोघी पुन्हा जायला लागल्या, पण निदान त्या एका सामन्यापुरत्याच. पुढचं काय ते जाऊ सामना पाहून ठरवणार होती. "मी सोता येते," तिनं सरांना सांगितलं. "चूक कोणाची हाय ते माह्या डोळ्यानं पाहीन."

रोज संध्याकाळी अंगणात धानाच्या तणसाच्या ढिगाशेजारी दोघी उभ्या राहू लागल्या. मुलीचा आवाज आधी तर माझ्यापर्यंतही यायचा नाही. "चार." सून वळायची. "चार, इकडे." हळूहळू तो वाढला. शेजारणी कुंपणाला हात टेकून पाहायच्या.

जावेनं ते दोन संध्याकाळी सोसलं. तिसऱ्या संध्याकाळी ती हातातलं सूप तसंच घेऊन बाहेर आली.

"चार, चार, काय लावलं? माही सून काय जेलात हाय? का एसटी हाय? नाव नाई काय तिले?"

मुलगी घाबरली. मग हळूच म्हणाली, "मोठी आई, नावानं हाक मारू?"

जाऊ अडकली. कुंपणावरच्या शेजारणी ऐकत होत्या. बोललेला शब्द तिला मागे घेता येईना.

"मार. मैदानात मार. घरात नाई."

"एकेरी?"

जावेनं सुपातलं धान एकदा वर उडवलं, पाखडलं, आणि मग म्हणाली, "मैदानात."

हे नाव कोणतं, ते सांगायला हवं. आमच्या घरात लग्नात सुनेचं नाव बदलतात. जावेचं बदललं, माझं बदललं, या सुनेचंही बदललं. तिचं नवं नाव जावेनंच मोठ्या हौसेनं निवडलं होतं. ते नाव घरात कोणी फारसं घेत नाही, कारण सुनेला सूनबाई म्हणतात नाहीतर वहिनी म्हणतात, पण जाऊ नाव म्हणाली म्हणजे तेच. माझ्या मुलीनंही तेच धरलं. अंगणात दोघी समोरासमोर असायच्या, तोंड पाहूनच कळायचं हाक कोणाला आहे. सगळं नीट चाललं होतं.

जवाहरनगरला आम्ही कॉलेजच्या गाडीतूनच गेलो. पोरी पुढे, आम्ही दोघी जावा अगदी मागच्या सीटवर. मी येणार नव्हते, पण जाऊ म्हणाली, "तू चाल. मले त्यातलं काय समजते?" मला तरी काय समजत होतं! तिथल्या कारखान्याचे क्वार्टर, सरळ रस्ते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं पाहतच आम्ही मैदानावर पोचलो. मैदान सपाट होतं. समोरच्या टीमच्या पोरींचे बूट सगळे एकसारखे होते. आमच्या पोरींचे एकीसारखे दुसरीचे नव्हते.

जावेनं बसायला जागा अशी निवडली की आमच्या गोलच्या अगदी बाजूला. चूक तिथूनच दिसणार होती ना.

"तो मानूस सारखी शिट्टी कायले वाजवून राह्यला?"

"पंच असन, बाई."

"त्याले घरी काही काम नाई?"

मी हसू पदरात धरलं. तेवढ्यात माझ्या मुलीनं हाक मारली.

मी तिचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. तिला जन्म दिला मी, पण तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. सगळ्या मैदानावरून तो पलीकडच्या झाडांपर्यंत गेला. जावेच्या सुनेचं नाव, एकेरी, हजार माणसांत ऐकू जाईल असं. जाऊ ताठ बसली. तिनं निवडलेलं नाव असं मैदानभर गाजत होतं. मला वाटतं, तिला ते आवडलं.

पण सून वळली नाही.

मुलगी पुन्हा ओरडली. सून पुढेच पाहत होती. तिच्या मागून समोरच्या टीमची एक पोरगी मोकळी पळत येत होती, ती आम्हाला दिसत होती, माझ्या मुलीला दिसत होती, सुनेला दिसत नव्हती. मुलगी तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा तिचा आवाज फाटला. बॉल त्या मोकळ्या पोरीकडे आला आणि गोल झाला.

"बहिरी झाली काय ही?" जाऊ म्हणाली. ती मनापासून चिडली होती. "आता तर सुनेचीच चूक हाय. बोलते मी, माही सून हाय म्हणून लपवत नाई."

इतके दिवस मी मनात हेच म्हणत होते. पण जाऊ ते मोठ्यानं म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं नाही. सून गोलसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि तिच्या तोंडावर तेच होतं जे लाखोळी खुडायला जाताना होतं.

मधल्या सुट्टीत दोघी पाणी प्यायला आमच्याजवळ आल्या. मुलगी म्हणाली, "वयनी, एवढ्या जोरानं ओरडली मी."

"ऐकू आलं होतं, ताई." सुनेचे डोळे भरले होते. "पण मले वाटलं कोणाले तरी हाक मारून राह्यल्या."

जाऊ काही बोलणार तेवढ्यात टीममधली एक पोरगी बाजूनं पळत गेली. जाता जाता तिनं सुनेला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली, म्हणाली, "बुटाची लेस सुटली ना तुही!" आणि सुनेनं एका क्षणात खाली पाहिलं. विचार करायला पापणीही लवली नाही.

आम्ही चौघींनी ते पाहिलं. मग मीच बोलले. कशी बोलले मला माहीत नाही.

"बाई, नव्या नावाले ओ द्याले मलेबी वर्ष लागलं होतं."

जावेनं माझ्याकडे पाहिलं. मग मैदानाकडे पाहिलं. शिट्टी वाजली, पोरी उठायला लागल्या. तेव्हा ती माझ्या मुलीला म्हणाली, "तिच्या मायबापानं ठेवलेलं नाव मालूम हाय ना तुले? तेच घे मंग. मॅच होयेपर्यंत."

दुसरा अर्धा भाग मी पदर मागे टाकून पाहिला. मुलगी हाक मारायची आणि सून हाक पुरी व्हायच्या आत वळलेली असायची. एकदा बॉल पुन्हा तसाच दोघींच्या मधे आला, व्हिडिओत होता तसाच, फक्त जरा जोरात. तेव्हा सून ओरडली, "सोड, माहा हाय!" आणि तिनं तो असा लाथाडला की बॉल आमच्या डोक्यावरून मागच्या नालीत गेला.

"सोड म्हणली काय ती नणंदेले?" जावेनं विचारलं.

"हो, बाई."

"हं." मग बॉलवरची नजर न काढता म्हणाली, "माहं माहेरचं नाव मालूम हाय काय तुले?"

"नाई."

तिनं सांगितलं. मीही माझं सांगितलं. इतकी वर्षं एका अंगणात राहून ते आम्हाला माहीत नव्हतं. त्यावर आणखी काही बोलावं असं मला वाटत होतं, पण तितक्यात आमच्या एका पोरीला धक्का लागला आणि जाऊ उठून पंचावर ओरडायला लागली.

तरी आम्ही हरलोच. तो पहिला गोल होता तेवढाच राहिला, पण आमच्याकडून एकही झाला नाही. एकदा बॉल त्यांच्या गोलच्या खांबाला लागून परत आला तेव्हा जावेनं माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली.

परतताना गाडीत मी वाट पाहत होते की पोरी रडतील. कोणी रडलं नाही. भंडारा मागे पडलं तोवर त्या भांडायला लागल्या होत्या. खरंखुरं भांडण, तोंडावरचं.

"तू उजवीकडे सरकली म्हणून ते मोकळी सुटली," माझी मुलगी म्हणाली.

"मंग तू कायले थांबली गोलमध्ये? समोर याचं होतं!" हे सून.

"मले काय मालूम तू वळणार नाई ते!"

बाकीच्या पोरीही त्यात पडल्या. एक म्हणाली मधल्या फळीची चूक, दुसरी म्हणाली बॉल बाहेर गेला होता, पंचानं पाहिलं नाही. समोरच्या सीटवरून सर म्हणाले, "चूक माझी आहे. मी दमलेल्या पोरीला उशिरा बदललं." सगळ्या एकदम "हो, हो सर, तुमचीच!" म्हणून ओरडल्या. पहिल्यांदाच चूक कोणी कोणाच्या माघारी माथी मारत नव्हतं, प्रत्येकीला तिच्यातला आपला वाटा ठाऊक होता आणि दुसरीचाही तोंडावर सांगता येत होता.

"थांबा," मागून जाऊ म्हणाली. गाडी गप्प झाली. तो आवाज गाडीत मावत नव्हता. "तो गोल माहा हाय."

"तुमचा कसा, काकू?" सर म्हणाले.

"मी सांगतलेल्या नावानं हाक मारली पोट्टीनं. त्या नावाले माही सून ओ देत नाई, हे मलेच मालूम नोव्हतं. टीमची काही चूक नाई त्यात. माह्याकडे टाका तो."

पोरी इतक्या हसल्या की ड्रायव्हरनं वळून पाहिलं. सून हसत नव्हती. ती खिडकीला हात धरून सासूकडे पाहत होती.

जाऊ अजून सरांशीच बोलत होती. "हे बी.ए. तर यंदा होईन. पुढचं काय राह्यते, एम.ए.? त्यात खेळू देतेत काय?"

"देतात ना."

"अन् हे हारलं तर हारलं. प्रॅक्टिस आता कधी हाय?"

"सोमवारी, काकू."

"येतीन दोघी," जाऊ म्हणाली. मग तिनं पदर कानाशी घेतला, मान सीटला टेकवली आणि डोळे मिटले. साकोली येईपर्यंत ती झोपल्यासारखी होती, पण पुढे भांडण रंगलं की तिचे ओठ हलत होते.

सोमवारी सकाळी दोघी निघाल्या. अंगणात सगळं नेहमीसारखंच होतं. "चाला, ताई." "या ना, वयनी. तुमचा डबा घेतला काय?" जावेनं सुनेला सूनबाईच म्हटलं, आणि बाटली भरून देत म्हणाली, "सांभाळून जाजा."

मी दारात उभी होते. दोघी हळू आवाजात, एकमेकींना वाट देत, घरांच्या रांगेतून गेल्या. बोडीच्या, आमच्या गावतळ्याच्या, पाळीजवळ रस्ता वळतो. तिथून घर दिसत नाही. त्या वळल्या आणि जरा वेळानं पलीकडून माझ्या मुलीचा तोच मैदानातला आवाज आला. वहिनीचं माहेरचं नाव, मोठ्यानं, एकेरी. लगेच दुसरा आवाज आला, तितकाच मोठा, आणि पळण्याचा.

जाऊ केरसुणी घेऊन अंगण झाडत होती. तिनं ऐकलं असणार. ती झाडतच राहिली.